टोपण

वडगावच्या कामकरांचा विरूपाक्ष
भावाच्या गाडीवर मागे बसून आला,
पीसी पोटाशी धरलेला,
वायरी खिशात कोंबलेल्या.
"कार्ड घातल्यापासून घरात झोप नाही," म्हणाला.

त्यांच्याकडे कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचं,
भोकाभोकांचं, दोऱ्यानं एकामागं एक शिवलेलं,
मागावर चढून बसणारं.
त्याच्या आईनं म्हणे विचारलं होतं,
एवढ्याशा पत्र्याला आठ हजार,
आणि भोक एकही नाही?

डिझाइन उघडलेलं असो नसो,
नुसतं कोपऱ्यातलं घड्याळ दाखवायलाही
ते कार्ड घुरघुरत बसायचं.
मागाच्या खडखडाटात गाढ झोपणारं त्याचं पोर
त्या पंख्याच्या बारीक शिट्टीनं
दचकून उठायचं.

मी मॉनिटरची केबल कार्डातून काढली,
मदरबोर्डच्या निळ्या पोर्टात खोचली.
तो म्हणाला, "उलटं करूलास की."
उलटंच करायचं होतं.

बोर्डावरची चिप घरची.
फुकटची, संथ, आवाज न करणारी.
पडदा तिच्या ताब्यात द्यायचा.
मोठं काम आलं की मधलं सॉफ्टवेअर
कार्डाला हाक मारतं,
कार्ड जागं होऊन चित्र काढतं,
आणि ते ओलंकच्च चित्र
फ्रेममागून फ्रेम उचलून
घरच्या चिपच्या ओंजळीत ठेवतं.
वाटेत थोडं सांडतं. सेकंदाला तीन-चार फ्रेम.
हे मी त्याच्यापासून लपवलं नाही.

सॉफ्टवेअरच्या यादीत नुसते खेळ होते,
बंदुका, मोटारी, परक्या गावांचे रस्ते.
साडीचा काठ विणायचा प्रोग्राम
त्यांच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हता.
तो मी हातानं यादीत घातला,
सगळ्यात खाली,
लग्नाच्या आमंत्रणात राहून गेलेलं नाव
पेनानं लिहितात तसा.

मग चारशे हुकांचा काठ उघडला.
पडदा काळा झाला. काळाच राहिला.
आत पंखा एकदा श्वास घेऊन फिरला
आणि कोयऱ्यांची रांग उजळली.
"आला!" तो म्हणाला.
"बंतु!" मी म्हणाले.
कोण कुठल्या भाषेत ओरडलं
ते दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या भरमाण्णांनी
लगेच मान आत घातली :
"म्हणजे आपल्या गावासारखंच की गं, दोघं एका..."
काका, नको.
पाटी तीनदा रंगवून झालीय माझी,
अक्षरं कुठली वर, कुठली खाली,
किती इंच.
ही नुसती केबल आहे. केबलच राहू दे.

तीस दिवस फुकट होतं ते.
एकतिसाव्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात
कंपनीचं नाव उमटलं,
आणि विरूपाक्षनं ते काठातच धरून
एक अख्खा नमुना काढला.
नंतर पैसे भरले. साडीही खपली म्हणे, संकेश्वरला.

आता हे विंडोज आपलं आपण करतं,
कुणाला न विचारता, न सांगता.
ते सॉफ्टवेअर कुणी बंद केलं, कधी,
मला कळलं नाही.
त्याची सीडी माझ्याकडे आहे.
दुकानात ऊन आलं की
तिचा एक गोल छताला लागतो.

परवा तोच पीसी आला, धूळ काढायला.
आत कापसाची तंतूस इतकी
की ब्रश नको, चिमटा घ्यावा लागला.
कार्ड बाहेर काढून बघितलं.
नऊ वर्षं काठ काढले त्यानं, बुट्टे काढले, पदर काढले,
आणि त्याच्या दुसऱ्या पोर्टावर
कारखान्यातलं लाल प्लास्टिकचं टोपण
अजून तसंच.
त्या तोंडानं ते कुणाशी कधी बोललंच नाही.

टोपण काढलं.
आतली पिनांची ओळ कोरी, पिवळी, लखलखीत.
फुंकर घातली, उगाच,
तिथं धूळ नव्हतीच,
आणि परत बसवलं.
बिल दीडशे.